कोदंडाचा आवाज फुटला

शाळेत संगीत नाटक करायचं ठरलं तेव्हा सगळ्यांना काळजी पडली होती ती पैशांची आणि दहावीच्या जादा तासांची. खरी अडचण कुठून येणार, ते साथीला पेटी वाजवणाऱ्या एकट्या पेटीकाकांना दिसलं. पात्रं ठरली त्या दिवशी त्यांनी नायक कोदंड झालेल्या मुलाच्या ओठावरची कोवळी लव निरखून पाहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, हा डिसेंबरपर्यंत टिकत नाही."

नाटक होतं देवलांचं 'संगीत शारदा'. सांगलीत राहून दुसरं कोणतं निवडणार? विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' केलं ते इथेच, आणि देवल तर शेजारच्या हरिपूरचे. तिथल्या पारावर त्यांना 'शारदा' सुचलं असं गावात सांगतात. मुलांना मी एका रविवारी सायकलींवरून तिकडे नेलं. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, तो पार, सगळं दाखवलं. त्यांना सर्वांत आवडली ती हळदीची पेवं.

स्टाफरूममध्ये मात्र कुरकुर झाली. पंच्याहत्तरीचा म्हातारा आणि अजाण मुलगी, शाळेच्या गॅदरिंगला हा विषय कशाला? त्यापेक्षा चार नाच बसवा, पालकही खूश. एका सहकाऱ्यांनी माझी बाजू घ्यायची म्हणून ठणकावून सांगितलं, की बालविवाहाच्या शारदा कायद्याला नाव पडलं ते याच नाटकावरून. ते खरं नाही. 1929 चा तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो आणि नाटक आलं 1899 साली. पण वादात आमची सरशी होत होती, म्हणून मी त्या दिवशी गप्प बसले.

मूळ नाटक पाच अंकांचं. पूर्वी रात्र रात्र चालायचं, आम्हाला मिळाला होता दीड तास. त्यामुळे कात्री चालवावीच लागली. गावातल्या जुन्या रसिकांना ते कळल्यावर दोघे-तिघे शाळेत येऊन "अमुक पद गाळलंत म्हणे?" असं विचारून गेले. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटावं, मी कुणाच्या तरी दिवसालाच जायचं विसरलेय.

सखींच्या प्रवेशावर हात लावायला मी तयार नव्हते. लग्नाच्या गप्पा मारणाऱ्या त्या मुली आणि त्यांचं काम करणाऱ्या आमच्या मुली जवळपास एकाच वयाच्या. पहिले काही दिवस नुसती खिदळाखिदळ. मग वल्लरीचं काम करणारी एकदम म्हणाली, "बाई, माझ्या मावसबहिणीचं ठरलं ना, तेव्हा ती रडलीबिडली नाही. भाकऱ्या थापत होती, तशीच थापत राहिली." शारदेने ते उचललं. तोवर पदरात तोंड खुपसून हुंदके देणारी ही मुलगी त्यानंतर प्रवेशभर एक गजरा गुंफत बसायची आणि वाक्यं मान वर न करता बोलायची. मी सांगून हे झालं नसतं.

दुसरा धक्का दिला म्हाताऱ्या नवऱ्याचं, भुजंगनाथाचं, काम करणाऱ्याने. लग्न ऐन वेळी मोडतं ते कोदंड सगोत्राचा मुद्दा काढतो म्हणून. वाचनाच्या वेळी हा पोरगा संहिता मिटून म्हणाला, "म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा नवरा चालतो, पण गोत्र एक असलेलं चालत नाही?" अर्ध्या वर्गाला गोत्र म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं, ते आधी समजावलं. मग म्हटलं, तुझा प्रश्न बरोबर आहे. त्या काळच्या मांडवात नवऱ्याच्या वयावरून लग्न थांबत नव्हतं, गोत्रावरून थांबत होतं. देवलांचा सगळा राग मला तरी त्या एका प्रवेशात दिसतो. कोदंडाला आम्ही ते वाक्य विजयी मुद्रेने न म्हणता चिडून म्हणायला लावलं.

गाण्यांचं वेगळंच. आजच्या मुलांनी गाणं पाहिलेलं असतं ते टीव्हीवरच्या स्पर्धांत. पद आलं की आमची शारदा संवाद टाकून रंगमंचाच्या मध्यभागी यायची, एक हात कानापाशी, दुसरा हवेत. पेटीकाका पेटी थांबवायचे. "पोरी, कुणाशी बोलतेयस? आईशी ना? मग तिच्याकडे बघून म्हण की." ते आधी पदाचे शब्द नुसते बोलून घ्यायचे, मग सुरात बोलायला लावायचे आणि तान सगळ्यात शेवटी, तीही जमली तर. देवल स्वतः नट, तालीममास्तर आणि काही काळ शाळामास्तरही होते, त्यांनी वेगळं काय सांगितलं असतं?

ऑर्गन मिळाला मिरजेच्या एका वाड्यातून. भात्याच्या चामड्याला चीर गेलेली, दोन सूर मुके. वाद्यं करणाऱ्यांचं गाव ते, दुरुस्तीला माणूस तिथेच भेटला. ऑर्गन टेम्पोतून उतरवला तेव्हा पाचवीची पोरं पायाखालच्या फळ्यांवर उड्या मारायला टपलेलीच होती.

आणि मग दिवाळीच्या सुट्टीनंतर कोदंड आला तो घोगरा होऊन. "नमस्कार बाई" यातला नमस्कार खाली आणि बाई वर. वरचा षड्ज लावायला गेला की आवाज चिरकायचा, मुली हसायच्या आणि हा लाल व्हायचा. जुन्या कंपन्यांत शारदा, वसंतसेना मुलगेच रंगवत. असा एखादा गळा ऐन हंगामात फुटला की मालकाची झोप उडत असणार. आमची उडालीच. कुणी म्हणालं मुलगा बदला, कुणी म्हणालं मोबाइलवर गाणं लावा आणि याला नुसते ओठ हलवू द्या. त्यावर पेटीकाका इतके संतापले की चहा न घेताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते तोडगा घेऊन आले. शारदा गायची काळी चारमध्ये. कोदंडाचा उरलासुरला आवाज बऱ्यापैकी ठरत होता काळी एकमध्ये. एकाच प्रवेशात, एकामागोमाग एक पदं, आणि पट्ट्या दोन! पण काळी चारचा षड्ज म्हणजेच काळी एकचा पंचम. शारदेचं पद संपताना काका तो सूर तसाच धरून ठेवत, खाली काळी एकचा षड्ज हळूच मिसळत आणि कोदंड त्या पंचमावरून खाली उतरून आपलं पद सुरू करी. ऐकणाऱ्याला जागा बदलल्याचं कळतच नसे. तारसप्तकाच्या दोन ओळी गाण्यातून काढल्या, त्या तो नुसत्या बोलणार असं ठरलं.

प्रयोग शाळेच्या उघड्या रंगमंचावर. भुजंगनाथाने केसांत इतकी पावडर कोंबली होती की मान हलवली की धूर निघे. नांदी झाली, सखींचा प्रवेश झाला आणि शारदेने पद उचललं तोच बाहेरच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर निघाला, दोन ट्रॉल्या आणि त्यावर फुल्ल आवाजात लावणी. आमच्याकडे हंगामात याला इलाज नसतो. पोरगी थांबली. गजरा गुंफत राहिली. ट्रॅक्टर वळणापलीकडे जाईपर्यंत काका नुसता षड्ज धरून बसले आणि मग तिने तीच ओळ पुन्हा उचलली. मागच्या रांगेतून आलेला पहिला 'वन्स मोअर' त्या थांबण्यालाच होता असा माझा अंदाज आहे.

कोदंडाने त्या दोन ओळी बोलायच्या ठरवल्या होत्या, पण 'वन्स मोअर'चा वारा लागल्यावर त्याला राहवलं नाही. तो गायला गेला, आवाज चिरकला, अर्ध्यावर फाटला आणि त्याने उरलेली ओळ त्याच फाटक्या आवाजात शारदेच्या तोंडावर ओरडून टाकली. हसू कुणालाच आलं नाही. नदीत उडी घ्यायला निघालेल्या मुलीला अडवणारा माणूस सुरात कशाला असेल?

फेब्रुवारीत त्याचा आवाज बसला. छान भरदार लागतो आता, खर्जातही. काकांनी त्याच्यासाठी पुढच्या वर्षीची पदं काढून ठेवली आहेत. तो मात्र शाळेच्या कबड्डी संघात गेलाय आणि त्यांचा सराव असतो संध्याकाळी पाचला, नेमका आमच्या तालमीच्या वेळी.