'अज्ञात बीच'ची यादी मागू नका!

मे महिना जवळ आला की इनबॉक्स भरतो. "सर, गर्दी नसलेले बीच सांगा ना." एका पोर्टलवाल्या मित्रालाही 'कोकणातले 10 अज्ञात किनारे' असा मजकूर हवाय. भोगवे, निवती, खवणे, कोंडुरा ही नावं आता सगळ्यांना पाठ झालीत. निवतीच्या किल्ल्यावरून दिसणारी भोगव्याची पुळण तर प्रत्येक दुसऱ्या रीलमध्ये असते. त्यामुळे आता पुढची नावं हवीत.

खरं सांगायचं तर अशी एक बातमी मी 7-8 वर्षांपूर्वी केली होती. वेंगुर्ले तालुक्यातली एक छोटी पुळण. रस्ता संपला की माडाच्या बागेतून पायवाट, मग सुरू, मग समुद्र. फोटोसकट पाऊण पान छापून आलं, कौतुकही झालं. गावाचं नाव आज मुद्दाम लिहीत नाही.

गेल्या रविवारी तिथे गेलो होतो. वाळूत चारचाकीच्या टायरचे चर पडलेले, सुरूच्या बनात बाटल्या. मंडळी रापण लावायला जमलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून पंचवीस-तीस माणसं ओढतात. त्याला मोकळी वाळू लागते. नेमकी तिथेच दोन गाड्या उभ्या. एक म्हातारे रापणकर मला ओळखतात. म्हणाले, "बाबा, तू लिवलंस ता बरा लिवलंस. आता रापण खंय ओढूची, ता पण लिव."

काय बोलणार?

बरं, सगळं वाईटच झालं असंही नाही. त्याच गावात एका ताईंनी दोन खोल्यांचं होमस्टे काढलंय, मुलगा मुंबईहून परत आलाय. त्यांना मी 'पर्यटन नको' कुठल्या तोंडाने सांगू? वेळासला 2002 पासून कासवांची अंडी राखली गेली आणि त्यातूनच घराघरात पाहुणे आले. पण तिथे आधी राखणारे उभे राहिले, मग पाहुणे. आमच्याकडे उलटं झालं. कासवीण घरटं करते त्याच वाळूवरून गाडी गेली तर अंडी दबतात, हे सांगायला तिथे कुणी नाही. जीवरक्षक नाही, साधी पाटीसुद्धा नाही. 2017 च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावहून सहलीला आलेले 8 जण बुडाले. आठवतंय ना?

1 मेच्या ग्रामसभेत त्या गावातले काही तरुण ठराव मांडणार आहेत: गाड्या वरच्या रस्त्यावरच, वाटेच्या तोंडाला साखळी, पार्किंगचे पैसे ग्रामपंचायतीला आणि त्यातून एक पोहणारा माणूस पगारावर. विरोधही आहे, कारण साखळी लागली तर खालच्या टपऱ्यांचा धंदा बसेल, असं काहींना वाटतं. तेही गावातलेच.

मी जाणार आहे. यादीवाल्या मित्राला नाही म्हणून कळवलंय. तो म्हणाला, "तू नाही तर दुसरा कुणीतरी लिहील." ते मलाही माहीत आहे.