आपलेच दात, आपलीच तार

'आपलेच दात, आपलेच ओठ' असं आपण भांडण मिटवताना म्हणतो. पण दात पुढे आलेले असले, की ओठांना दिवसभर दातांची राखण करावी लागते. आमच्या कन्येचं तसंच चाललं होतं. वय वर्षं चौदा, पण फोटोत तोंड घट्ट मिटलेलं आणि हसू आलं की ओढणी तोंडावर! अखेर तारा बसवायचं ठरलं आणि घरात वाद पेटला. तिला हवे होते दातांच्या रंगाचे सिरॅमिकचे ब्रॅकेट. सासूबाई नातीच्या बाजूने. "हे" स्टीलच्या बाजूने, कारण उघड होतं; ते स्वस्त!

डॉक्टरीणबाईंनी मात्र तिसराच मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, "रंग नंतर बघू. आधी तार सरकणार कशी, ते बघू या."

वरच्या दोन उपदाढा काढून प्रत्येक बाजूला साधारण सात मिलिमीटर जागा होणार होती. त्या जागेत सुळे मागे न्यायचे, मग पुढचे दात. दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटला एक बारीक खाच असते, रुंदी जेमतेम अर्धा मिलिमीटर. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्यांनी १९२८ मध्ये मांडलेली चौकोनी खाचेची ही पद्धत आजही पायाभूत आहे. खाचेतून तार जाते आणि तारेवरून दात सरकतो.

सरकतो म्हणजे कसा? पडद्याची कडी एका बाजूने ओढून बघा. ती आधी तिरकी होते, दांडीवर अडकते, सरळ झाली की थोडी पुढे जाते, पुन्हा अडकते. दातही तसाच. ओढला की कलतो, तार खाचेच्या कडांवर रुतते, मूळ सावकाश मागून येतं, तार मोकळी होते. एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. हाडाला घाई चालत नाही.

आता घर्षण वाढलं, तर लावलेल्या जोराचा बराच भाग त्यातच खर्च होतो. मग जोर वाढवावा, असं कुणालाही वाटेल. पण ज्या दाढांच्या आधाराने ओढायचं, त्याच पुढे सरकू लागतात. उपदाढा काढून केलेली जागा भलत्याच दातांनी भरली, तर पुढचे दात मागे घ्यायचे कुठे?

म्हणून पदार्थ महत्त्वाचा. स्टीलच्या खाचेत स्टीलची तार सर्वांत सहज सरकते. निकेल-टायटॅनियमची लवचीक तार सुरुवातीला वाकडे दात रांगेत आणायला उत्तम, पण पृष्ठभाग अधिक खरखरीत. सिरॅमिकच्या खाचेत घर्षण जास्त, म्हणून काहींत धातूचं अस्तर घालतात. तार धरून ठेवणारी रबराची रिंगही घर्षण वाढवते. झाकणाचे ब्रॅकेट निघाले आहेत, त्यांना रिंग लागत नाही. प्रयोगशाळेत त्यांचं घर्षण कमी भरतं, पण उपचाराचा एकूण काळ त्यामुळे लक्षणीय घटतो, असं तुलनात्मक अभ्यासांत दिसलेलं नाही.

कन्येने विचारलं, "म्हणजे पांढरे लावले तर दात सरकणारच नाहीत?"

"सरकतील गं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फक्त मला जास्त जपावं लागेल. तोंड तुझं आहे, तू ठरव."

मी तोंडाशी आलेला सल्ला गिळला. दोन दिवस ती आरशाशी बोलत होती. तिसऱ्या दिवशी तिने स्टील निवडलं, वर निळ्या रिंगा! लपवायचंच नाही तर रंगीतच का नसावं, हा तिचा हिशेब. शाळेत आठवडाभर चिडवणं झालं, मग मैत्रिणी पुढच्या रिंगांचा रंग सुचवू लागल्या. तारा निघायला बावीस महिने लागले, पण ओढणी पहिल्या चार महिन्यांतच खाली आली होती.

तुमच्या घरी हा प्रसंग आला, तर रंग आणि किंमत जरूर विचारा. पण दात कोणत्या तारेवरून सरकणार आणि मागच्या दाढा जागेवर कशा राहणार, हेही विचारा. तारा निघाल्यावर रिटेनर सांगितल्याप्रमाणे लावायला विसरू नका, कारण दातांना जुन्या जागेची ओढ असते. आणि शेवटचा निर्णय, जमेल तेवढा, ज्याचे दात त्याच्यावर सोपवा. मुलांनाही फार जोराने ओढलं, तर बहुधा आपणच जागचे हलतो!