मनी आणि माझी बहीण

'कोसला' (1963) मी बरीच वर्षे शिकवतो आहे. लेखकाचे बालपण आणि पात्राचे बालपण यांची गल्लत करू नये, हे दरवर्षी बजावतो. भालचंद्र नेमाडे खानदेशातल्या सांगवीचे. नायक पांडुरंग सांगवीकर. गावाचे नाव आडनावात उघड ठेवूनही लेखक निवेदकापासून अलग राहतो, असे माझे विवेचन असते.

यंदा धाकट्या मनीच्या मृत्यूपाशी आलो तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ज्याने बहीण गमावली नाही, त्याला हे लिहिता येईल?" मी उत्तर टाळले. माझी धाकटी बहीण मी वसतिगृहात असताना गेली. तिच्यावर अनेकदा लिहू पाहिले; दर वेळी ती निष्पाप आणि मी शोकाकुल, एवढेच कागदावर उरले. सांगवीकराच्या शोकात मात्र घरावरचा रागही आहे. तो स्वतःला शोभेल असे दुःख करीत नाही.

बालपण कादंबरीकाराला तपशील पुरवते; पात्र उभे राहते ते त्या तपशिलांतून स्वतःला निर्दोष सोडवून घेण्याचा मोह त्याने टाळल्यावर. नेमाड्यांच्या घरी काय घडले, हा प्रश्न म्हणूनच गौण ठरतो. मी आठवण जपली. ती पणाला लावण्याचे धैर्य मला झाले नाही. विद्यार्थिनीला द्यायचे उत्तर हेच होते.