थांबा, अजून मुरायचंय!

फ्रान्सहून आलेली एक बाटली, जुन्या नाशकातलं एक बळद आणि सात वर्षांचा हिशेब

आपण नाशिकचे आहोत असं सांगितलं, की पुण्या-मुंबईच्या ऑफिसांमध्ये दोन प्रश्न हमखास येतात. एक, 'तिथून शिर्डी किती लांब?' आणि दोन, 'तुमच्याकडे काय बुवा, नळालाच वाईन येत असेल!' पहिल्याचं उत्तर सोपं आहे. साधारण दोन तास. दुसऱ्याचं जरा लांबलचक आहे.

कारण आमच्या घरात द्राक्षं आली ती कायम खायची. थॉमसन, नाहीतर सोनाका. बाबा ओझरच्या एचएएलमध्ये, त्यामुळे घरात विमानांच्या गप्पा खूप आणि बाटलीची गोष्ट शून्य. सुलाची पहिली वाईन बाजारात आली २००० साली, तेव्हा मी बालवाडीत होते. स्टॅनफर्डमधून इंजिनिअर होऊन परतलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ वाईनची द्राक्षं लावली, २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं आणि बघता बघता दिंडोरी, इगतपुरी, निफाडकडे वायनरी उभ्या राहिल्या. मी कॉलेजात जाईपर्यंत पाहुणे त्र्यंबकेश्वरच्या आधी टेस्टिंग रूमचा पत्ता विचारायला लागले होते!

बाबांवर मात्र या क्रांतीचा काडीइतका परिणाम झाला नाही. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू का?' यावर टीव्हीवर जेवढी भांडणं झाली, तेवढीच आमच्या डायनिंग टेबलवरही झाली. बाबांचं म्हणणं एका वाक्याचं होतं. "बाटलीत असते, चढते, म्हणजे दारूच." विषय संपला.

दादाच्या बॅगेतून

तर अशा घरात मागच्या दिवाळीत दोन बाटल्या आल्या. आणणारा माझा दादा. तो २०१८ पासून फ्रान्समध्ये तुलूजला नोकरी करतो. तुलूज म्हणजे एअरबसचं गाव, त्यामुळे बाबांच्या लेखी तो जवळजवळ एचएएलमध्येच आहे. आणि तुलूजपासून ट्रेनने दोन-सव्वादोन तासांवर बोर्दो.

बाटल्या बोर्दोच्याच. ओ-मेदोक भागातल्या, २०१९ सालच्या. तिकडे गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या एकत्र येऊन जिरोंद ही खाडी होते. खाडीच्या डाव्या काठाला खडे-गोट्यांची जमीन, तिथे कॅबर्ने सोविन्यॉं हे द्राक्ष जास्त. उजव्या बाजूला चिकणमाती, तिथे मर्लो जास्त. दोन्ही मिसळून वाईन करायची आणि ओकच्या २२५ लिटरच्या पिंपात मुरवायची, हा तिथला जुना फंडा. नावाजलेल्या शॅटोंची बाटली घ्यायला किडनी विकावी लागेल, पण आजूबाजूच्या साध्या मळ्यांची वाईन तिकडे वीसेक युरोत मिळते. आपल्याकडे परदेशी वाईनवर अनेक वर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं, त्यामुळे विमानातून येणाऱ्या भावाला पर्याय नसतो. दोन लिटरपर्यंत आणायला मुभा असते. म्हणजे दोन बाटल्या. हिशेब चोख.

"एक आता उघडू," दादा म्हणाला, "आणि एक ठेवून देऊ."

जीभ सुकते तेव्हा

भाऊबीजेनंतरच्या रविवारी घरी काळ्या मसाल्याचं मटण होतं. दादाने दोन तास आधीच बूच काढून वाईन काचेच्या मोठ्या जगमध्ये ओतून ठेवली होती. तरुण रेड वाईनला हवा लागली की ती जरा मोकळी होते म्हणे. ऑफिसातून घरी आलेल्या माणसासारखी.

टेस्टिंगची पद्धत तुम्हाला एव्हाना माहीत असेलच. आधी ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघायचा. तरुण रेड वाईन कडेला जांभळट दिसते, वय झालं की विटकरी होत जाते. मग ग्लास गोल फिरवायचा, नाक आत घालायचं. मला वास आला तो काळ्या मनुकांचा, मागे पेन्सिल तासल्यावर येतो तसा लाकडाचा. छान! मग घोट घेतला आणि तोंड आतून चक्क आवळलं गेलं. हिरड्यांवरून कुणीतरी खरखरीत टॉवेल फिरवावा तसं. त्यावर झणझणीत रस्सा खाल्ला आणि आणखी भडका उडाला.

हा सगळा टॅनिनचा प्रताप. द्राक्षाच्या सालीत, बियांत आणि ओकच्या लाकडात टॅनिन असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ कोरडी पडते. जास्त उकळलेला चहा, सुपारी, जांभूळ, सगळ्यांत तीच भानगड. इंग्रजीत यासाठी भले मोठे शब्द आहेत, पण आपल्याकडे एकच नेमका शब्द आहे, तुरट. साधारण गोरट किंवा चरबीचं काही बरोबर खाल्लं की टॅनिनला चिकटायला दुसरं गिऱ्हाईक मिळतं आणि जीभ सुटते. तिखट मात्र त्याला अजिबात मानवत नाही. शेवटी फ्रिजमधले चीज क्यूब काढले, तेव्हा कुठे त्या बोर्दोने माझ्याशी नीट बोलायला सुरुवात केली.

आणि मग आईने हात पुढे केला. "बघू काय ते." बाबांनी वर्तमानपत्र जरा जास्तच उंच धरलं. आईने चमचाभर वाईन तोंडात घेतली, घोळवली, चेहरा वाकडा केला आणि म्हणाली, "जांभळाची बी चावल्यासारखं लागतंय. हे अजून मुरलेलं नाही रे."

दादा बघतच राहिला. लंडनमधले समीक्षक जे सांगायला पानभर लिहितात, ते चाळीस वर्षं कैरीचं लोणचं घालणाऱ्या बाईने एका चमच्यात सांगितलं होतं.

थांबायचं, पण किती?

मुरणं म्हणजे नेमकं काय होतं? बंद बाटलीत टॅनिनचे कण एकमेकांना आणि रंगद्रव्यांना धरून लांब साखळ्या करतात. चव मऊ होते. काही साखळ्या जड होऊन गाळ म्हणून तळाशी बसतात. ताज्या फळांचा वास ओसरतो आणि सुकामेवा, चामडं, तंबाखू, ओली पानं असले वास येऊ लागतात. पण हे भाग्य प्रत्येक बाटलीचं नसतं, बरं का. जगातली बहुतेक वाईन एक-दोन वर्षांत पिऊन टाकायलाच केलेली असते. ठेवायची ती ज्यात टॅनिन आणि आंबटपणा दोन्ही दणकट आहेत तीच.

आपल्या नाशिकच्या बहुतेक वाईन्सही लवकर प्यायच्या. इथे वेल झोपतच नाही. बोर्दोत हिवाळ्यात वेली निष्पर्ण होऊन स्वस्थ पडतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी, मग पावसाळ्यानंतर फळछाटणी आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, थंडीतून उन्हाकडे जाताना. द्राक्षात साखर चटकन भरते, आंबटपणा चटकन उतरतो. म्हणून तर कित्येक बाटल्यांना बूच नसतं, फिरकीचं झाकण असतं. तरी ओकमध्ये ठेवलेल्या इथल्या काही शिराझ आणि कॅबर्ने चार-पाच वर्षं मजेत काढतात. दादा निघण्याआधी आम्ही इगतपुरीकडच्या एका छोट्या वायनरीत जाऊन तिथली कॅबर्ने चाखली. जास्त पिकलेली, जरा मिरीसारखी, पहिल्याच घोटात दोस्ती करणारी. "ही आज पी," दादा म्हणाला, "ती २०३२ मध्ये."

हेच वाक्य त्याने रात्री जेवताना पुन्हा म्हटलं. "दुसरी बाटली आपण २०३२ मध्ये उघडू." तो वाईनबद्दल बोलत होता. आईने विचारलं, "म्हणजे तोवर तू येत नाहीस का?"

टेबलवर कुणीच काही बोललं नाही. 'दोन वर्षांनी परत येतो' हे दादाचं वाक्य आमच्या घरात २०१८ पासून मुरत पडलंय. तो दर वर्षी ते म्हणतो, आई दर वर्षी मान डोलावते. बाबा मनातल्या मनात गणित करत होते, हे त्यांच्या बोटांवरून दिसत होतं. मग म्हणाले, "मी तेव्हा चौऱ्याहत्तरचा असेन." एवढंच. आणि ताक मागितलं.

तळघर कुठून आणायचं?

दादा गेला, बाटली राहिली. आता ठेवायची कुठे? नियम सोपे आहेत. तापमान बारा ते चौदा अंश आणि तेही बारा महिने एकसारखं. अंधार. हवेत ओलसरपणा. धक्के, कंपनं नकोत. बाटली आडवी, म्हणजे वाईन बुचाला लागून राहते, बूच सुकत नाही आणि हवा आत शिरत नाही. नेहमीचा फ्रिज चालत नाही. तो फार गार, फार कोरडा आणि दिवसभर थरथरणारा. आणि आमचा फ्लॅट? गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेचं ऊन, मे महिन्यात बाहेर चाळीसच्या आसपास. तिथे वाईन मुरत नाही, शिजते. बोर्दोवाल्यांकडे दगडी तळघरं असतात. वाईनसाठीचा वेगळा फ्रिज मिळतो, पण फ्रीलान्सरच्या खात्यात मानधन कधी जमा होतं हे माहीत असेल, तर तो सल्ला तुम्ही मला देणार नाही.

मग आठवलं काकांचं बळद! जुन्या नाशकात, भद्रकालीजवळ आमचा वाडा आहे. त्यात धान्य साठवायची एक अंधारी खोली आहे, दोन-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, खिडकी नाही. तिथे आता धान्य नसतं, पण काकूंच्या लोणच्याच्या बरण्या असतात. वाडा बिल्डरला द्यायचा की नाही, यावर भाऊबंदांची बोलणी बरीच वर्षं चालू आहेत. म्हणजे तळघराचीही गॅरंटी नाही. तरी मी विचारलं. "काकू, तुमच्या बळदात एक बाटली ठेवू का?"

"कसली गं?"

"द्राक्षाची. मुरायला."

काकूंनी एक भुवई वर केली आणि खालच्या फळीवरची बरणी सरकवून जागा करून दिली.

मी तिथे थर्मामीटर टांगलं. डिसेंबरात वीस अंश. मे महिन्यात, बाहेर एकोणचाळीस असताना, आत सत्तावीस. बाहेरच्या मानाने कमालच, पण बोर्दोच्या हिशेबात जवळजवळ दुप्पट. आता शाळेतलं रसायनशास्त्र आठवा. उष्णता वाढली की क्रियांचा वेग वाढतो, दहा अंशांमागे साधारण दुप्पट. म्हणजे तिकडे ज्याला सात वर्षं लागतील, ते भद्रकालीत निम्म्या वेळात होणार. अगदी तसंच होईल असंही नाही. घाईने मुरलेल्या वाईनला तो नाजूकपणा येत नाही, फळ लवकर हरवतं. २०३२ पर्यंत ठेवली तर उरेल तो नुसता म्हातारा आंबटपणा. उघडायची तर २०२९ च्या आतच.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. तिने हात थांबवले. "म्हणजे आपल्याकडे लवकर मुरतं?"

"हो. पण तेवढं भारी होत नाही."

"त्याला सांग," आई म्हणाली, "की फार थांबलास तर खराब होईल म्हणावं."

मी तेच शब्द जसेच्या तसे दादाला पाठवले. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "नक्की सत्तावीस? थर्मामीटर बरोबर आहे ना?" मग म्हणाला, बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळ, एक-दोन अंश उतरतील. मी लेबलवर बुरशी येऊ नये म्हणून आधी प्लास्टिक लावलं, वर गोणपाट. आईने बरण्यांना लावते तशी एक पट्टी त्यावर चिकटवली. त्यावर तारीख लिहिली, खाली दादाचं नाव.

परत येण्याबद्दल दादा अजून काही बोललेला नाही. पण दर महिन्याच्या एक तारखेला तो बळदातलं तापमान विचारतो. मी शहरात नसले, की थेट काकूंना फोन लावतो. मग काकू कंदिलासारखा मोबाईल धरून आत जातात आणि आकड्याबरोबर वाड्याच्या, भाऊबंदांच्या, आईच्या गुडघ्याच्या बातम्याही देतात. बाबासुद्धा हल्ली सहज विचारल्यासारखं करतात, "काय म्हणतंय ते तुमचं बळद?"

या महिन्यात पंचवीस आहे. पाऊस सुरू झालाय.