पाडव्याच्या आधीची गार

परळी वैजनाथहून तेलगावमार्गे बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिरसाळा हे बाजाराचे गाव लागते. दक्षिणेला बालाघाटच्या रांगा, उत्तरेला गोदावरीचे खोरे आणि मधल्या पट्ट्यात काळीभोर जमीन. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी बी-बियाणे, खत, कापड, किराणा येथूनच नेतो आणि पीक हाती आले की मालही येथेच आणतो. गावाचे सारे व्यवहार असे शेताच्या बांधापासून दुकानाच्या गादीपर्यंत एका धाग्यात ओवलेले आहेत.

या गावात बर्फ कधी पडत नाही. पण हिमालयातील बर्फाची वार्ता येथील वाऱ्याला लवकर कळते. उत्तरेत मोठी हिमवृष्टी झाली की थोड्याच दिवसांत कोरडे, बोचरे वारे मराठवाड्यात उतरतात. परभणीच्या कृषी विद्यापीठात कित्येक हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्या आसपास, क्वचित त्याहूनही खाली नोंदला गेला आहे. अशा दिवसांत सिरसाळ्याची दुकाने थोडी उशिरा उघडतात. रस्त्याच्या कडेला शेकोट्या पेटतात, कानाला मफलर गुंडाळलेले हमाल चहाच्या टपरीभोवती उभे राहतात आणि कोवळ्या ज्वारीच्या हुरड्याचे आमंत्रण एखाद्या मळ्यातून हमखास येते. ही थंडी कोणालाच नकोशी नसते. गहू आणि हरभरा तिच्यावरच पोसतात. थंडी चांगली पडली की शेतकऱ्याचा चेहरा खुलतो आणि दुकानदारही उधारीच्या वहीकडे निश्चिंतपणे पाहतो.

संकट येते ते थंडी निरोप घेत असताना. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ असे आपण म्हणतो. पण माघाची अखेर ते फाल्गुनाची पौर्णिमा हा काळ मोठा फसवा असतो. जमीन तापू लागलेली असते, वरच्या थरात मात्र उत्तरेकडून आलेली थंड हवा टिकून असते. त्यात समुद्राकडून बाष्प आले, की दुपारनंतर आभाळात ढगांचे प्रचंड मनोरे उभे राहतात. त्यांच्या पोटात वर चढणारा वारा पाण्याचे थेंब गोठणपातळीच्या वर नेतो. तेथे थेंबाचा बर्फ होतो, त्यावर पुन्हा पाणी गोठते आणि असे थर चढत जातात. वाऱ्याला तो भार पेलेनासा झाला की गार खाली सुटते. मोठी गार मधोमध फोडली, तर कांद्यासारख्या पाकळ्या दिसतात, त्या याच प्रवासाच्या खुणा होत.

२०१४ साली हेच घडले, आणि ते एका दुपारीपुरते राहिले नाही. त्याआधीचे वर्ष भीषण दुष्काळाचे होते. २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले होते. पुढचा पावसाळा बरा झाला, रब्बी जोमात आली आणि लोकांना हायसे वाटले. २७ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती. परळीच्या वैद्यनाथाची यात्रा भरली. साधारण त्याच सुमारास मराठवाड्यासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागात वादळी पाऊस आणि गारपीट सुरू झाली, आणि मार्चच्या मध्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ होळीपर्यंत, ती थांबून थांबून होतच राहिली. बीड जिल्ह्याला तिचा जबर फटका बसला. जेथे गार अधिक पडली तेथील काळी राने पांढरी झाली. काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली आणि जी उभी राहिली तिचे दाणे भिजून काळे पडले. कडबा कुजला, गव्हाच्या ओंब्या झडल्या, आंब्याचा मोहोर आणि द्राक्षांचे घड मातीत मिळाले. झाडाखाली पक्ष्यांचे सडे पडले, गोठ्याबाहेर राहिलेली जनावरे दगावली, काही ठिकाणी माणसेही गेली.

त्यातच ५ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि मदतीच्या घोषणेलाही निवडणूक आयोगाची परवानगी पाहावी लागली. शिवाय त्या वेळी निम्म्याहून अधिक पीक गेले असेल तरच नुकसान मदतीस पात्र ठरे. ही अट ३३ टक्क्यांवर आली ती २०१५ साली.

त्या वर्षीचा गुढीपाडवा ३१ मार्चला आला होता. एकीकडे बँकांच्या हिशेबाचे वर्ष त्या दिवशी संपत होते आणि दुसरीकडे मराठी माणसाचे नवे वर्ष सुरू होत होते. मराठवाड्यात सालगड्याचे साल पाडव्याला ठरते आणि रब्बीच्या पैशांतून दुकानाची बाकी चुकती करण्याची वेळही साधारण तीच. गार पडून जेमतेम दोन-तीन आठवडे झालेले. वही उघडली की नाव समोर, रक्कम समोर, आणि त्या नावाचा माणूस दुकानाच्या पायरीवर मान खाली घालून बसलेला. त्याने काय बोलावे आणि गादीवरच्याने काय विचारावे?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पायरीवर बसलेल्याइतकीच गादीवर बसलेल्याची कोंडी खरी असते. त्याने खत आणि बियाणे मोठ्या व्यापाऱ्याकडून उधारीनेच आणलेले असते. त्याच्या कॅश क्रेडिटवर व्याज चढतच असते. त्यामुळे ‘सोडून द्या’ हा उपदेश दुरून करणे सोपे आहे. परंतु गार पडलेल्या शेतातून वसुली करायची म्हणजे बैल विकायला लावणे किंवा जमिनीवर हात ठेवणे. त्याने या वर्षीची बाकी मिटेल. पुढच्या वर्षीचा ग्राहक मात्र राहणार नाही. ज्या बाजारात शेतकरी उरत नाही, त्या बाजारात दुकान किती दिवस उरेल?

बँकिंगच्या नियमांनीही हाच विचार स्वीकारला आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांनुसार नैसर्गिक आपत्तीत ३३ ते ५० टक्के पीक गेले असल्यास पीककर्जाच्या फेडीला दोन वर्षांपर्यंत आणि त्याहून अधिक गेले असल्यास पाच वर्षांपर्यंत मुदत देता येत असे. त्यात पहिले वर्ष हप्त्याविना असे. कर्ज माफ होत नाही, कर्जदार मात्र उभा राहतो. दुकानाच्या वहीला असा नियम नाही. तेथे पुनर्गठन करायचे ते माणसाने, स्वतःच्या विवेकाने. बाकी पुढे ओढणे, व्याज थांबवणे, पेरणीपुरते बियाणे पुन्हा देणे, एवढेच त्याचे स्वरूप. तेही सोपे नसते. २०१४ चा आणि २०१५ चा पावसाळाही मराठवाड्याला दगा देऊन गेला. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्यांनी एका वर्षासाठी बाकी पुढे ओढली होती, त्यांना ती तीन वर्षे ओढावी लागली.

जैन घरातील माणसाला या विषयाची आणखी एक बाजू परिचित असते. दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात षट्काय जीवांचे विवेचन आहे. तेथे अप्कायाचे प्रकार सांगताना दव, हिम आणि धुक्याबरोबर गारांचाही उल्लेख येतो. म्हणजे ज्या गारेने पीक झोडपले, तीही आपल्या दृष्टीने जीवच. तिच्यावर राग धरता येत नाही, तिला थोपवता येत नाही. राहते ते तिच्या खाली सापडलेल्यांबद्दलचे कर्तव्य. अनुकंपा ही पर्युषणात ऐकण्यापुरती नसते. फाल्गुनात वही उघडतानाच तिची परीक्षा होते.

गार पुन्हा येणार नाही असे नाही. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी जालना आणि बीड जिल्ह्यांना तिने पुन्हा गाठलेच. मात्र आता हवामान विभागाचा इशारा एक-दोन दिवस आधी मोबाइलवर येतो आणि विजेची सूचना ‘दामिनी’ ॲपवर मिळते. महाराष्ट्रात २०२५ पूर्वी पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपिटीच्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागे. शेतातील चिखलात उभ्या असलेल्या माणसाला ही मुदत आठवेच असे नाही. आठवण करून देणे आणि सूचना नोंदवून देणे हे काम दुकानातला शिकलेला मुलगा दहा मिनिटांत करू शकत असे.

माघ सरत आला आहे. पहाटे अजून गारठा आहे आणि दुपारी ऊन चटका देते. नैर्ऋत्येला आभाळ काळवंडले, वारा पडला आणि उकाडा वाढला, की सिरसाळ्यातील जाणती माणसे आभाळाकडे पाहून ताडपत्र्या बाहेर काढतात. कापलेली ज्वारी झाकली जाते, जनावरे गोठ्यात बांधली जातात, उघड्यावरची पोती आत घेतली जातात. एखाद्या दुकानातून खेड्यांवर फोन जातात, ‘दादा, आज कडबा उघडा ठेवू नका, रात्री गार सांगितली आहे.’ त्या फोनवर बाकीचा विषय निघत नाही. तो पाडव्याला निघेल, आणि तोपर्यंत पायरीवर बसणाऱ्याची मान थोडी वर असेल.