विझवलेला दिवा

बँकेत छत्तीस वर्षे काढल्यामुळे लाल शाईच्या खुणेकडे दुर्लक्ष न करण्याची सवय अंगवळणी पडली होती. तरीही निवृत्तीनंतर स्वतःच्याच मोटारीतील एका पिवळ्या दिव्याकडे मी चार महिने काणाडोळा केला. सांगताना संकोच वाटतो. परंतु आपल्या वाचकांच्या घरी मोटारही असते आणि व्यवहारही असतो, म्हणून सांगतो.

गाडी २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी. सांगलीहून कोल्हापूरला जाताना एके दिवशी वेगदर्शक काट्याशेजारी इंजिनाच्या आकृतीचा दिवा लागला. ‘चेक इंजिन’ म्हणतात तो हाच. गाडी चालत होती सुरळीत. घराजवळच्या गॅरेजमधील मुलाने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला, बटण दाबले आणि दिवा गेला. तीनशे रुपये देऊन मी निश्चिंत झालो. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा हजर! असे तीनदा घडले. मधल्या काळात स्पार्क प्लगही बदलून झाले. लिटरमागे सोळा किलोमीटर धावणारी गाडी तेरावर आली.

अखेर ती विकायचे ठरवले. ग्राहक मिळाली ती नुकतीच नोकरीला लागलेली एक शिक्षिका. रोजचे जाणे-येणे साठ किलोमीटरचे. पैसे पतसंस्थेचे कर्ज काढून उभे केलेले. मध्यस्थ म्हणाला, “साहेब, दिवा घालवून ठेवा. तीन दिवस तरी येत नाही. तेवढ्यात व्यवहार उरकू.” मी ‘बरं’ म्हणालो आणि दिवा घालवूनही आणला.

त्या रात्री झोप लागली नाही. नवे कर्ज मंजूर करून त्यातूनच जुने थकीत हप्ते भरून घेतले, की बुडीत चाललेले खातेही कागदोपत्री नियमित दिसते. शाखांच्या तपासणीत हा प्रकार मी अनेकदा पकडला होता, संबंधितांकडून लेखी खुलासे मागवले होते. आज माझा खुलासा कोण मागणार होते?

सकाळी त्या मुलीकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि एका जुन्या, जाणत्या मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला, “दिवा घालवून आणलात ना? मग मी काय वाचू? बटण दाबलं की गाडीतली नोंदही पुसली जाते. आता चालवा, दिवा लागला की तसेच या.” त्यानेच उलगडून सांगितले, की असा दोष एका फेरीत आढळला तर गाडीतील संगणक तो नुसता टिपून ठेवतो, पुढच्या फेरीतही आढळला तरच दिवा लावतो. शिवाय ही तपासणी ठरावीक वेगाने, काही काळ गाडी चालल्यावरच पूर्ण होते. तीन-चार दिवसांच्या उसंतीचे रहस्य एवढेच होते. तो दुरुस्तीचा गुण नव्हता, केवळ नोटिशीची मुदत होती.

दिवा लागल्यावर नोंद मिळाली : पी ०१३३. अर्थ असा, की इंजिनाजवळचा ऑक्सिजन सेन्सर संथ झाला आहे. पेट्रोल नीट जळण्यासाठी एक भाग पेट्रोलाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. धुराच्या नळीत बसवलेला हा सेन्सर उरलेला ऑक्सिजन पाहून संगणकाला मापाची खबर देतो. चांगल्या सेन्सरचा दाब ०.१ ते ०.९ व्होल्ट यांमध्ये सतत वर-खाली होत राहतो. हातात धरलेल्या तराजूची दांडी हलते तसा. तो सुस्तावला की माप चुकते, पेट्रोल जास्त जाते आणि पुढे असलेला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही खराब होऊ शकतो.

मी म्हणालो, “मग बदलून टाका.” तो हसला. “नाव सेन्सरचं आलं म्हणून दोष त्याचाच, असं नसतं.” रोखपालाने तूट दाखवली म्हणून तो चोर ठरत नाही, हे मला कळायला हवे होते. नळीच्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरली, तरी सेन्सर चुकीची साक्ष देतो. म्हणून त्याने आधी सांध्यांवर काजळीचे डाग शोधले, तापलेल्या नळीला वायर घासते का ते पाहिले. सारे ठीक निघाल्यावर चालू इंजिनाचा आलेख पडद्यावर दाखवला. रेघ वर-खाली होत होती, पण थकलेल्या माणसाने जिना चढावा तशी. मगच सेन्सर बदलला. खर्च ४,२०० रुपये.

दहा दिवस गाडी चालवून पाहिली. दिवा लागला नाही; सरासरीही पंधराच्या पुढे गेली. मग त्या मुलीला बोलावून बिल हाती दिले आणि सारी हकिगत सांगितली, पहिल्या बेतासकट. ती क्षणभर गप्प राहिली. मग तिने एकच विचारले, “काका, पुन्हा लागला तर?”

तिला दिलेले उत्तर आपणांसही देतो. दिवा स्थिर असेल तर घाबरू नये, पण टाळूही नये. तो लुकलुकत असेल, तर इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही असे समजून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. आणि गॅरेजमध्ये गेल्यावर ‘दिवा घालवा’ असे कधीही म्हणू नये. ‘आधी नोंद वाचून मला लिहून द्या’ असे म्हणावे.

तिने गाडी घेतली. ठरलेल्या किमतीतून मी दोन हजार रुपये कमी केले. ते मात्र सेन्सरच्या खाती नव्हते.