ओठांवरची स्तुती

आमच्या वसईच्या घरात संध्याकाळची घंटा ऐकू आली की हातातले काम थांबत असे. आई ओट्यावर येऊन उभी राही, क्रुसाची खूण करी, देवदूताची प्रार्थना म्हणे आणि शेवटी स्वतःशीच पुटपुटे, "देवाची स्तुती असो." पाऊस लांबला तरी हेच शब्द, मोगऱ्याला चांगला भाव आला तरी हेच. लहानपणी मला ती निव्वळ सवय वाटे. पुढे मी आमच्या चर्चमधील गायनवृंदाची धुरा वाहू लागलो आणि स्तुती म्हणजे काय, हे आपल्याला आईपेक्षा अधिक समजते, असा एक सूक्ष्म अहंकार माझ्या मनात वस्तीला आला. त्या अहंकाराची ही कहाणी आहे.

आईच्या बालपणी मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. ग्लोरिया गाताना तिला शब्दांचा अर्थ कळत नव्हता. कोणासाठी गात आहोत, एवढे मात्र पक्के ठाऊक होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज संमत केला आणि त्यानंतर हळूहळू मातृभाषेतील उपासना आपल्या वेदीपर्यंत पोहोचली. आमच्या पिढीला प्रत्येक शब्द समजू लागला. शब्द समजू लागले म्हणजे अंतःकरणही त्यांच्यामागून चालू लागते, अशी माझी भाबडी समजूत होती. सूर चुकला की मी गायकांवर रागावत असे. स्वतःच्या आत काय चुकले आहे, तिकडे माझे लक्ष नव्हते.

वडील २००६ साली वारले. वाडीचे दोन भाग झाले. विहीर मात्र सामाईक राहिली. तिचे पाणी माझ्या भागातून जाणाऱ्या पाटाने दादाच्या केळींना मिळत असे. २००९ साली दीड हात जमिनीवरून आमचे बिनसले. मोजणी झाली, शब्दाला शब्द वाढला आणि एके दिवशी रागाच्या भरात मी तो पाट मातीने बुजवून टाकला. दादाच्या केळी त्या उन्हाळ्यात करपल्या. त्याने कर्ज काढून बोअर मारली, तर पाणी खारे लागले. दादा काही बोलला नाही. तो मला भेटेनासा झाला, एवढेच.

पुढची नऊ वर्षे दर रविवारी मी चर्चच्या माळ्यावरून देवाच्या थोरवीची गीते गात राहिलो आणि खाली तिसऱ्या बाकावर माझा सख्खा भाऊ मान खाली घालून बसत राहिला. शांतीचे अभिवादन करण्याची वेळ आली की मी गायकांकडे वळून हात जोडत असे. माळ्यावर असण्याची ती मोठीच सोय होती.

२०१८ सालच्या उपवासकाळात प्रवचनासाठी बाहेरून एक फादर आले होते. त्यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसची एक घटना सांगितली. १२२५ साली फ्रान्सिस सान दामियानो येथे आजारी पडून होता. डोळ्यांच्या व्याधीने त्याला उजेडही सोसवत नव्हता. अशा अवस्थेत त्याने सूर्य, वारा, पाणी, अग्नी यांच्यासह परमेश्वराची स्तुती करणारे आपले प्रसिद्ध गीत रचले, तेही लॅटिनमध्ये न रचता आपल्या प्रांताच्या बोलीत. त्याच सुमारास असिसीचे बिशप आणि नगराचा प्रमुख अधिकारी यांच्यात वितुष्ट आले. बिशपांनी त्याला बहिष्कृत केले, तर त्याने बिशपांशी कोणी व्यवहार करू नये, असे फर्मान काढले. फ्रान्सिसने आपल्या गीतात क्षमा करणाऱ्यांविषयी एक नवे कडवे घातले आणि आपल्या बंधूंना ते त्या दोघांसमोर गाण्यास सांगितले. ते ऐकून दोघांचा समेट झाला.

फादर पुढे काय बोलले, ते मला आठवत नाही. पाण्याला बहीण मानणाऱ्या त्या संताची गोष्ट ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर मी बुजवलेला पाट उभा राहिला होता. ज्या पाण्याबद्दल देवाची स्तुती करायची, तेच पाणी मी भावाला तोडले होते!

त्या रात्री मी आईला म्हणालो, "आई, मी आता गाणे सोडतो. मनात नसलेली स्तुती ओठांवर आणणे म्हणजे ढोंग आहे."

आई बराच वेळ जपमाळेचे मणी चाचपत राहिली. मग म्हणाली, "गाणे कशाला बंद करतोस? पाट उघड."

पवित्र शनिवारी सकाळी कुदळ-फावडे घेऊन मी वाडीत गेलो. नऊ वर्षांत माती दगडासारखी घट्ट झाली होती. तासाभराने पलीकडे दादा येऊन उभा राहिला. मी म्हणालो, "दादा, माझे चुकले." त्याने उत्तर दिले नाही. घरात जाऊन तो आपली कुदळ घेऊन आला आणि त्याच्या बाजूने खणू लागला. दुपारी मोटर सुरू केली. पाणी पोहोचल्यावर तो एवढेच म्हणाला, "उद्या सण आहे. जेवायला या. आईलाही आण."

त्या रात्री जागरणविधीत गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा वाजू लागल्या आणि आम्ही ग्लोरिया आरंभिला. बेथलेहेमच्या रानात देवदूतांनी गायिलेल्या दोन गोष्टी त्याच्या आरंभीच एकत्र येतात: वर देवाचा महिमा आणि खाली माणसांत शांती. इतकी वर्षे मी पहिला अर्धा भाग तेवढा उंच स्वरात गात आलो होतो. त्या रात्री माझाच आवाज फुटला, सूर ढळला. पण कोणी मला दोष दिला नाही.

आमचे सारेच मिटले, असे मी म्हणणार नाही. दीड हात जमिनीचा विषय निघाला की आजही आम्ही दोघे गप्प होतो. पण स्तोत्रसंहितेकडे पाहून मला धीर येतो. हिब्रू भाषेत त्या ग्रंथाचे नाव 'स्तुतिगीते' असे आहे आणि तरीही त्यातील कितीतरी स्तोत्रे रडगाऱ्हाण्यांची आहेत. देवाला आपले रडणे चालते, आपला बेसूर आवाजही चालतो. भावाकडे जाणारी वाट अडवून त्याच्यापर्यंत पोहोचू पाहणारे गाणे मात्र त्याला कसे रुचावे?

आई २०२१ साली देवाघरी गेली. आता संध्याकाळची घंटा झाली की मी ओट्यावर येतो आणि तिचेच शब्द उच्चारतो. काही दिवशी ते नुसते ओठांवरच राहतात. अशा दिवशी मी वाडीत जातो, पाटात साचलेला पालापाचोळा काढतो आणि पाणी पुढे दादाच्या केळींकडे गेले, एवढे पाहून परत येतो.